सव्वा मूठ

८ सप्टेंबर २०२४, रविवार

आजपासून डायरी लिहितो आहे. देसले वकील म्हणाले, उशीर झाला की कोर्ट प्रत्येक दिवसाचा खुलासा मागतं. मागचे दिवस हातातून गेले, निदान पुढचे तरी लेखी असावेत.

देसले वकील धुळ्याचे. महिन्यातून दोन रविवारी सुरतेला येतात आणि पांडेसऱ्यात त्यांच्या मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. त्यांचे निम्मे पक्षकार इथेच राहतात. खानदेशातल्या जमिनीचं भांडण सुरतेत बसून करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. माझा नंबर नववा होता.

प्रकरण थोडक्यात असं. गावी रस्त्याकाठी आजोबांचं दोन एकर शेत. माझे वडील म्हणत, ते भावांमध्ये वाटलंच गेलं नाही. काका म्हणत, तोंडी वाटणीत ते आपल्याकडे आलं. वडिलांनी दावा लावला आणि वारले. काकाही वारले. मग वडिलांच्या जागी मी उभा राहिलो, काकांच्या जागी चुलतभाऊ वाल्मिक. २०१८ साली निकाल वाल्मिकच्या बाजूने लागला. अपिलाची मुदत महिन्याभराची होती. ते राहून गेलं.

आता आमची मिल शहराबाहेर सचिनला हलायची आहे. माझा गुडघा रोज सचिनला जायच्या लायकीचा नाही. गावी त्या शेताच्या कडेला दोन खोल्या बांधून राहायचं, एवढंच डोक्यात आहे. सुरतेत सगळं आयुष्य गेलं, पण शेवटी जायचं गावालाच, हे मी पहिल्यापासून धरून चाललो आहे.

वकील म्हणाले, "केस चांगली आहे. उशीर वाईट आहे. कारण आणा."


१० सप्टेंबर, मंगळवार

जेवणानंतर कारणं लिहून काढली. आईचं आजारपण. गुडघा. लॉकडाऊन. मुलाचं, योगेंद्रचं, लग्न. मिलमध्ये माणसं कमी. बऱ्यापैकी भरली.

बायकोला, सुषमाला, वाचून दाखवली. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "आनि दर साल कानबाईले गावले जातस ते?"

त्याचा इथे संबंध नाही, असं मी तिला सांगितलं. पण मुद्दा डोक्यात राहिला, म्हणून लिहून ठेवतो.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सगळ्या भाऊबंदकीची कानबाई एकच, वाल्मिकच्या घरी, कारण आजोबांचा चौरंग तिथे आहे. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, पाळण्यातल्या पोराच्या नावानेही. त्यात डाळ घालून ते वेगळं दळायचं. त्या पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त घरच्यांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा नाही, आमच्याकडे तर लग्न झालेल्या लेकींनाही नाही. आणि पौर्णिमेच्या आत ते पीठ संपवायचं.

मुठी धुरपदाकाकू घालते, म्हणजे वाल्मिकची आई. नागपंचमीच्या आधी तिचा फोन येतो, "मगन, यंदा तुमन्या कितल्या मुठी?" मी सांगतो, दोन. माझी आणि योगेंद्रची. दावा चालू होता तेव्हाही फोन येत होता. तारखेला कोर्टात समोरासमोर उभे राहायचो आणि श्रावणात एका पंगतीला बसायचो. कोणाला त्यात काही वाटलं नाही.

निकालाचंही मला वाल्मिकनेच सांगितलं होतं, २०१८ सालीच, कानबाईच्या दिवशी. हात धुताना म्हणाला, "निकाल लागना भाऊ. अपील करनं व्हई तं करी ले, मना राग नही." मी म्हणालो, पाहू. मग रोट खायला बसलो.


२२ सप्टेंबर, रविवार

वकिलांनी माझ्या सगळ्या कारणांवर काट मारली. आईचं आजारपण निकालाच्या आधीचं निघालं. गुडघ्याने माणूस सहा वर्षं अडत नाही म्हणाले. लॉकडाऊनची सवलत होती, पण ती तेवढ्या काळापुरती, आणि माझी मुदत त्याच्या कितीतरी आधी संपली होती. योगेंद्रच्या लग्नाचं ऐकून ते नुसते हसले.

मग मी विचारलं, की कोर्ट उशीर माफ करतं तरी कधी? त्यांनी चांगलं समजावून सांगितलं. आळसाला माफी नाही. पण माणसाला निकालाची माहितीच नव्हती, किंवा त्याच्या वकिलाने कळवलं नाही, तर कोर्ट मोठ्या मनाने बघतं. जमिनीचा हक्क नुसत्या उशिरापायी जाऊ नये असं पुष्कळ न्यायाधीशांना वाटतं. तुमचे जुने वकील कुठे आहेत?

मी सांगितलं, ते वारले.

"उत्तम," देसले म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे वाईट झालं. पण आपल्याला सोयीचं आहे."

तर कारण ठरलं. जुन्या वकिलांनी कळवलं नाही, मी सुरतेत, मला परवापरवा सातबारा काढला तेव्हा कळलं. फक्त एक अडचण. गावाला ये-जा असेल तर माहिती नव्हती हे कोण मानेल? म्हणून प्रतिज्ञापत्रात एक वाक्य टाकलं. मी ते इथे उतरवून ठेवतो. "सन २०१८ पासून अर्जदाराचे सामनेवाले यांच्या घरी येणे-जाणे अथवा कोणताही कौटुंबिक संबंध राहिलेला नाही."

मी म्हणालो, कानबाईला जातो. वकील म्हणाले, "देवीला जाता ना? मग ते देवीकडे जाणं झालं. सामनेवाल्याच्या घरी कुठे?"

हे मला पटलं. सही केली.

घरी आल्यावर योगेंद्रला सांगितलं. तो मोबाईलमधून मान वर न करता गुजरातीत म्हणाला, "चालशे पप्पा." सुषमाने वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि मग गॅस बारीक करायला उठली. गॅसवर काही नव्हतं.


१२ नोव्हेंबर, मंगळवार

मध्ये काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही.

आज भटू आला. मिलमध्ये मी सांभाळतो त्या फोल्डिंग खात्यातला, म्हणजे कापडाच्या घड्या घालणारा, माझा चांगला कारागीर, पण दिवाळीला चार दिवसांची रजा घेऊन गेला आणि आठवडाभर उशिरा उगवला. मी त्याला उभं करून प्रत्येक दिवसाचा खुलासा मागितला. तो म्हणाला, पहिल्या दिवशी गाडीत चढता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सासू आली. तिसऱ्या दिवसाचं त्याला आठवेना. मी म्हणालो, तिसऱ्या दिवसाचं कारण नाही म्हणजे पहिल्या दोन दिवसांचंही धरता येत नाही. कायदा तसाच आहे.

त्याने विचारलं, "कोनता कायदा, साहेब?"

त्याचे खाडे कायम केले. शिस्त लागते.


१९ डिसेंबर, गुरुवार

गावी कोर्टाची नोटीस पोहोचली. सोबत अर्जाची आणि प्रतिज्ञापत्राची नक्कल जाते, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी धुरपदाकाकूचा फोन आला. कागद वाल्मिकच्या पोरीने मोठ्याने वाचून दाखवला म्हणाली.

"मगन, कागदवर सही तुनीच शे का?"

"हा काकू."

"वाचीसन करी का?"

"हा."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं ती रागावेल. आवाजात राग अजिबात नव्हता. वय झालं की माणसं समजूतदार होतात. सुषमाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "काकू रागावती तं बरं व्हतं." बायकांना सरळ गोष्ट सरळ दिसत नाही.


१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

धुळ्याला जाऊन आलो. माझ्या अर्जावर सुनावणी होती.

कोर्टाच्या आवारात वाल्मिक भेटला. त्यानेच हाक मारली. "भाऊ, गुडघा कसा शे?" म्हणाला. मग म्हणाला, चहा लेशी का? वकिलांनी मला सामनेवाल्याशी बोलू नका म्हणून बजावलं होतं, पण चहा पिण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. प्यालो. पैसे त्याने दिले. प्रतिज्ञापत्राचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. वर्षाचे दिवस भरत आले का, विचारलं. वर्षा माझी सून. मी सांगितलं, मे महिन्यात. त्याचा चेहरा खुलला. "मुलगा व्हयना तं तुमन्या तीन मुठी," म्हणाला, आणि मग कप तसाच खाली ठेवला. चहा गरम असावा.

आत वाल्मिकचा वकील चांगलाच तयारीत आला होता. तरणा पोरगा, हातात फायली. उठून म्हणाला, अर्जदाराला एकच प्रश्न विचारायची परवानगी द्यावी, दर श्रावणात हे कुठे जेवतात? खोटं बोलायचं तर कानबाईचं नाव घेऊन बोलावं लागणार, आणि तेवढं माझ्याच्याने झालं नसतं. हे मी इथे खरं लिहितो. मी "वाल्मिकच्या घरी" म्हणणारच होतो.

तेवढ्यात वाल्मिकने मागून त्याच्या काळ्या गाऊनचा कोपरा ओढला. दोघांत कुजबुज झाली. वकिलाने कपाळाला हात लावला, फाइल मिटली आणि न्यायाधीशांना म्हणाला, प्रश्न मागे घेतो, आमच्या अशिलाची अर्जाला हरकत नाही.

देसले बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवत म्हणाले, असा सामनेवाला सगळ्यांना मिळो. माझ्या मते वाल्मिक घाबरला. आपली बाजू कच्ची आहे हे माणसाला आतून कळतं.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली.


६ एप्रिल, रविवार

गावाहून गव्हाचं पोतं आलं. दरवर्षी येतं. वाल्मिक गावच्या कोणाबरोबर तरी पाठवतो. गहू त्याच शेताचा, म्हणजे माझ्याच हक्काचा, म्हणून मी कधी आभार मानत नाही.

यंदा येईल असं वाटलं नव्हतं. आलं. मी वकिलांना फोन करून विचारलं, वाल्मिक गहू पाठवतो म्हणजे शेत सामाईक आहे असा पुरावा होतो का? ते घाईघाईने म्हणाले, "पोत्याचं कोणाला सांगू नका. तुमचे संबंध नाहीत."

पोतं आत आणून ठेवलं. सुषमा गव्हाला एरंडेल लावताना म्हणाली, दाणा यंदा ठसठशीत आहे.


३ मे, शनिवार

काल वर्षाला मुलगा झाला. दोघं बरी आहेत.

योगेंद्रसारखाच कपाळाला आठ्या पाडून झोपतो. मी त्याला हातात घेतलं आणि काही सुचेना. मला एवढा आनंद योगेंद्रच्या वेळीही झाला नव्हता. तेव्हा मी रातपाळीला होतो.

गावी फोन केला. वाल्मिकने उचलला, अभिनंदन केलं. काकूला द्यायला सांगितलं तर म्हणाला, देवळात गेली आहे. मागून तिचाच आवाज येत होता, शेळीला हाकलत होती. देवळातून लवकर आली असावी.


२४ जून, मंगळवार

विलंब माफ.

देसले वकिलांचा दुपारी फोन आला. न्यायाधीशांनी लिहिलं आहे की वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला होऊ नये, अर्जदार परराज्यात राहतो, त्याचे गावाशी संबंध तुटलेले आहेत हे शपथेवर सांगितलं आहे आणि सामनेवाल्यानेही ते नाकारलेलं नाही, सबब अर्ज मंजूर. आता अपील नोंदलं जाईल. सहा वर्षं एका परिच्छेदात माफ झाली. फोल्डिंगमध्ये पेढे वाटले. भटूलाही दिला. त्याने विचारलं, कशाचे? मी म्हणालो, उशीर माफ झाल्याचे. त्याने पेढ्याकडे पाहिलं आणि खाल्ला.

संध्याकाळी दोन खोल्यांचा नकाशा पुन्हा काढला. ओटा पूर्वेला ठेवू.


२७ जुलै, रविवार

परवा नागपंचमी. काकूचा मुठी विचारायचा फोन अजून आला नाही. गावाला पावसात रेंज जाते.

सुषमा म्हणते, आपणच करावा. मी म्हणालो, दरवर्षी ती करते, आपण केला तर तिला वाटेल तिच्या लक्षात राहिलं नाही. मुठी तिला माहीतच आहेत. यंदा तीन, हे वाल्मिकच बोलला होता.

शनिवारच्या गाडीची तिकिटं मिळाली, हे नवलच. पांडेसऱ्यातून या दिवसांत अर्धा खानदेश उठून जातो आणि मशीनवर उभं करायला माणूस उरत नाही. यंदा मीही सगळ्यांच्या रजा मंजूर केल्या. बाळासाठी सुषमाने नवी टोपी शिवली. त्याचा पहिला रोट. त्याला दात नाहीत, पण तुकडा ओठाला लावतात.


४ ऑगस्ट, सोमवार

काल जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

आम्ही दहाच्या सुमारास पोहोचलो. चौरंग सजलेला होता, कानबाईला नथ घातली होती. भाऊबंदकीतले सगळे आले होते. वाल्मिकच्या बायकोने बाळाला घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं. दरवर्षी मी हौदावर जाऊन स्वतःच पाय धुतो. काल तांब्या हातात दिला. मग आम्हाला ओट्यावर बसवलं. सतरंजी नवी होती.

थोड्या वेळाने दोन ताटं आली, एक मला, एक योगेंद्रला. पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी. आत सगळ्यांच्या पानात रोट, खीर आणि गंगाफळाची भाजी वाढलेली दिसत होती. मला वाटलं चूक झाली. मी म्हणालो, "काकू, आम्ही आत बसतो ना."

धुरपदाकाकू दाराशी आली. पदर सारखा केला. म्हणाली, "आत रोट शेत भाऊ. रोट घरनास्ना ऱ्हातस. पाव्हनास्ले नही चालत."

मी हसलो. ती हसली नाही.

"काकू, आम्ही घरचेच."

"तू कोर्टमा लिखी दिन्हं, सहा सालपासून आठे ये-जा नही, काही संबंध नही. जजसाहेबनी बी मानी लिन्हं. मी अनपढ बाई. त्यास्ले मी कसं खोटं पाडू?"

हे ती अगदी हळू आणि नीट बोलली. माझा अपमान करण्याचा तिचा काही इरादा नव्हता. कागदावर जे लिहिलं ते तिने पाळलं होतं, बस. वाल्मिक आत भिंतीकडे तोंड करून पाणी वाढत होता. ज्या पेल्यात तो वाढत होता तो कधीच भरला होता, पाणी खाली सांडत होतं.

मी म्हणालो, "ते कोर्टापुरतं होतं, काकू. चुकलं माझं. माफ कर."

ती म्हणाली, "माफ तं कवयच करं. पन दळन व्हयी गयं. आते मूठ कसामा टाकू?"

सुषमा तेव्हा बोलली. "मन्ही नि योगेंद्रनी जाऊ द्या काकू. पोऱ्यानी तरी?" स्वतःची मूठ नसते हेही ती विसरली होती. काकूने बाळाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले, हे मी पाहिलं. तिने बाळाच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. आणि म्हणाली, "बापनं घर तेच पोऱ्यानं घर, माय."

मग ती आत गेली.

पुऱ्या चांगल्या फुगल्या होत्या. मी दोन खाल्ल्या. न खाणं बरं दिसलं नसतं. श्रीखंड तालुक्याहून मुद्दाम आणलेलं होतं, आमच्या गावात मिळत नाही. योगेंद्रने ताट तसंच ठेवलं आणि बाहेर जाऊन मोटरसायकलींजवळ उभा राहिला. माझ्यावर रागावला असता तर बरं होतं.

निघताना वाल्मिकने मला टॉवेल-टोपी दिली. पाहुण्यांना देतात तशी. टोपी त्याने स्वतःच माझ्या डोक्यावर ठेवली. मी त्याला विचारलं, "तू कोर्टात हरकत का नाही घेतली?"

तो म्हणाला, "वकील कानबाईनं नाव कोर्टमा लेनार व्हता, भाऊ. आनि तुले तठे खोटं बोलनं पडतं."

स्टेशनपर्यंत तो सोबत आला. रस्त्याकाठचं शेत लागलं. कपाशी गुडघ्याएवढी झाली आहे. कडेची जागा, जिथे मी दोन खोल्या धरल्या होत्या, तिथे ओट्यावर बसलं तर समोर वाल्मिकचंच घर दिसतं. हे नकाशा काढताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मला फार वाईट वाटतं आहे. यापेक्षा वेगळं लिहिता येत नाही.


६ ऑगस्ट, बुधवार

देसले वकिलांना फोन केला. विचारलं, प्रतिज्ञापत्र मागे घेता येतं का?

म्हणाले, "अपील मागे घेता येतं. अर्ज मागे घेता येतो. शपथेवर जे सांगितलं ते रेकॉर्डला राहतं. पण तुम्ही असं का विचारता? आपण जिंकतो आहोत."

मी म्हणालो, अपील मागे घ्या. त्यांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, कोर्ट कारण विचारेल, काय सांगू? मी सांगितलं, काहीही सांगा, मी आता काही लिहून देणार नाही.

काकूलाही फोन लावला. वाल्मिकच्या पोरीने उचलला. मी म्हणालो, आजीला सांग, मगनने अपील मागे घेतलं. तिने ते तिथल्या तिथे ओरडून सांगितलं. मागून काकू काहीतरी बोलली. पोरगी म्हणाली, "आजी म्हणते, आता पुढच्या श्रावणात बघू."

बघू म्हणजे काय, हे मी पोरीला विचारलं नाही.


११ ऑगस्ट, सोमवार

परवा पौर्णिमा झाली. रोटाचं पीठ सगळीकडे संपलं असेल.

आज भटू कामावर आला. त्याची रजा गेल्या बुधवारी संपली होती. माझ्या टेबलासमोर येऊन आपणहून उभा राहिला आणि खुलासा द्यायला लागला. "साहेब, यंदा घरमा नवीन पोऱ्या दोन व्हतात. मुठी वाढन्यात. रोट सरेतच ना. ते टाकीसन कसं येवाय?"

रुमालात बांधून त्याने माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. रोट आणता येत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

मी त्याची हजेरी मांडली. उशीर लिहिला नाही.